एकच पाटली

१

"बाय गो, मावरा घे. आताच खाडीतून आयलाय. डोळा बघ त्याचा, कसा बोलतो तुज्याशी."

हा आवाज नीलानं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती परकरात होती. कल्याणच्या चाळीत मनुबाई कोळिणीची पाटी उतरायची, आणि पाटीच्या आधी तिचं गाणं उतरायचं:

खाडीचं गो पानी, चढतं उतरतं,
माज्या गो पाटीन चांदनं फिरतं.

चाळीतल्या बाकीच्या बाया नीलाच्या आईच्या हातचं पाणी घेत नसत. बौद्धाचं घर, म्हणून उंबऱ्यापासून लांब उभं राहून बोलत. मनुबाई मात्र त्याच उंबऱ्यावर ऐसपैस बसायची आणि म्हणायची, "चहा टाक गो. साखर जरा सांडू दे."

तो आवाज १९९६च्या जूनमध्ये वकील नीला सोनकांबळेच्या ऑफिसात आला, आणि नीलाला तो ओळखूच येईना. त्यातलं पाणी आटलं होतं.

"खुर्चीवर बस, मावशी."

"खुर्ची नको मना. मना एवढंच सांग, चोराची आय कशी दिसते? डोंबोलीच्या बाया मना बघून पदर नाकाला लावतात. मासलीला नाय, मना."

मनुबाईचा एकुलता एक लेक कान्हा सिंगापूरहून सुटणाऱ्या एका मोठ्या प्रवासी बोटीवर कामाला होता. खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या, लोकांचं हवं नको बघायचं. मे महिन्यात डोंबिवलीचीच एक सहल त्या बोटीवर गेली. सहलीतल्या परशुराम ओक नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याच्या बायकोची सोन्याची पाटली नाहीशी झाली, आणि झडतीत ती कान्हाच्या लॉकरमध्ये सापडली. पाटली ओकांना परत मिळाली. कान्हाला पुढच्या बंदरावर उतरवून घरी धाडलं.

"शुक्रवारी बोटीच्या मुंबईच्या एजंटाकडे सुनावनी हाय," मनुबाई म्हणाली. "चोर ठरला तर त्याच्या बोटीच्या नोकरीच्या पुस्तकावर तसा शिक्का बसंल. मग कंची बोट घेनार त्याला? खाडीत तर आता मावरा नाय, नुस्तं कारखान्याचं पानी हाय. जाल फेकून काय काढंल, फेस?"

"कान्हा काय म्हणतो?"

"कायच म्हनत नाय. भितीकडं तोंड करून बसलाय. मी इचारलं, चोरलीस? तर नाय म्हनला. मंग आयली कशी? तर उठून गेला."

नीलानं कोर्टाचा काळा कोट काढून खुर्चीवर टाकला. तिला राग आला की आधी उकडायचं.

२

कान्हा डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या काठावर, उलट्या टाकलेल्या होडीपाशी जाळं आवरत होता. पंचविशीचा, इस्त्रीची पँट घातलेला. जाळ्याच्या चुण्या हातावर घ्यायच्या, एकीवर एक बसवायच्या, मग दोन्ही टोकं आत दुमडायची. हात आपोआप चालले होते.

"ओक म्हणतात, टिप मिळाली नाही म्हणून तू डाव साधलास," नीला म्हणाली. "एजंटाला तसं लिहून दिलंय त्यांनी."

"टिप कशी मिळंल, मॅडम? आमची बक्षिसी भाड्यातच असते. हातात काय घ्यायचं नाय, घेतलं तर नोकरी जाते. मीच सगळ्यांना तसं सांगितलेलं."

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या हॉलमध्ये. एक आजोबा खिशात हात घालत होते. मी बोललो, काका, कशाला? तुम्ही ते तिकिटातच भरलंय." त्यानं एक चुणी सोडून पुन्हा घेतली. "त्यावरनंच तर सहलवाले पोपटशेठ खवळलेले ना."

"पोपटशेठ कशाला खवळतील?"

"त्यांनी डोंबिवलीत सगळ्यांकडून टिपचे वेगळे पैसे घेतलेले. मला काय ठाऊक. मी आपला बोलून गेलो."

नीलानं ते मनात मांडून पाहिलं. ज्यानं भर हॉलमध्ये 'काही देऊ नका' सांगितलं, त्यानं काही दिलं नाही म्हणून चोरी केली. हे लिहून देणाऱ्या माणसानं आयुष्यभर सरकारी फायलींवर शेरे मारले होते.

"पाटली कोणी ठेवली रे तुझ्या लॉकरमध्ये? पोपटशेठनं?"

कान्हानं जाळ्याची शेवटची चुणी बसवली, टोकं आत दुमडली आणि ते होडीखाली सारलं.

"मॅडम, तुम्ही आईसाठी आलात, बरं वाटलं. पण तो शिक्का बसतोय तर बसू दे."

"कोणाला वाचवतोयस तू?"

तो चिखलातून वाट काढत निघून गेला.

३

पोपटशेठचं दुकान डोंबिवली स्टेशनच्या पूर्वेला होतं. भिंतीवर सिंगापूर, बँकॉक, पिनांग. टेबलावर पंखा, पंख्याला लिंबू-मिरची.

"या मॅडम, बसा. काय घेणार? थंडा?"

"टिपचे पैसे घेणार. भाड्यात असताना वेगळे घेतलेले."

पोपटशेठचा हात फोनवर होता तो खाली आला. "परत दिले मॅडम. बोटीवरच दिले सगळ्यांना. त्या पोऱ्यानं अख्ख्या हॉलसमोर माझं धोतर सोडलं, मग काय करणार? ओकसाहेब तर पावती मागत होते."

"म्हणजे कान्हावर तुमचा राग होता."

"होता ना. खोटं कशाला बोलू? पोऱ्या दोन दिवस गप्प बसला असता तर त्याचं काय जात होतं?" मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो खुर्चीत ताठ झाला. "ए मॅडम, असं बघू नका. मी लबाड माणूस आहे, आख्खी डोंबिवली सांगेल. पण सोनं लपवून पोराला अडकवणं आपलं काम नाही. लबाडीला पण एक लायकी असते."

"झडतीच्या वेळी तुम्ही होतात?"

"मीच होतो. ग्रूपचा माणूस पाहिजे म्हणून मला नेलं. ओकसाहेब वरती कॅप्टनच्या ऑफिसात बसले होते, बायकोला घेऊन. खाली मी, दोन गोरे साहेब आणि तो पोऱ्या. लॉकर उघडला तर एक हिरवं फडकं. गाठ सोडली तर पाटली. आणि पाटलीबरोबर तांदूळ सांडले हो खाली."

"तांदूळ?"

"मूठभर असतील. आणि सुपारी. ती सुपारी तो गोरा साहेब हुंगतोय, दिव्याकडे धरून बघतोय. त्याला वाटलं अफू-बिफू. मी म्हटलं, साहेब, नट, नट. तर म्हणतो, यू शट अप." पोपटशेठ हसला, मग नीलाचं तोंड बघून हसायचा थांबला. "तांदूळ केरात गेले. पाटली वर नेली. फडकं पोऱ्याच्या अंगावर फेकलं."

"हे तुम्ही कोणाला सांगितलंत?"

"कोणी विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, पाटली मिळाली का. मिळाली म्हटलं."

"वर पोराला काय विचारलं?"

"विचारलं, कुठून आली तुझ्याकडे. तो एकदा ओकांच्या मिसेसकडे बघतो, एकदा बुटाकडे. त्या पण बुटाकडेच बघत होत्या. मग साहेबानं कागदावर सही घेतली. झालं."

नीला उठली. चोर घाईत सोनं उचलतो. तो वर तांदूळ कशाला बांधेल?

४

ओकांच्या घरात सगळं पुसलेलं होतं, चपलांची जागासुद्धा. परशुराम ओक स्वतः दार उघडायला आले. मागे सून वृंदा. ओकांची बायको चंद्रभागाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, दोन्ही मनगटं पदराआड.

"तुम्ही त्या मुलाच्या वकील," ओक म्हणाले. "माझा तुमच्यावर राग नाही. पण तत्त्वाचा प्रश्न आहे. आम्ही पूर्ण भाडं भरलं, बक्षिसीसकट. म्हणजे सेवेचे पैसे आगाऊ दिले. त्यावर या लोकांची हाव बघा."

"या लोकांची म्हणजे?"

"म्हणजे बोटीवरच्या नोकरांची हो," ओक म्हणाले, पण जरा उशिरा.

नीलानं तो उशीर गिळला. "पाटल्या कुठे ठेवल्या होत्या?"

"आईंच्या डब्यात," वृंदा म्हणाली. "जोडी होती. त्यांच्या माहेरची. बोटीवर अंग सुजतं म्हणून काढून ठेवलेल्या. सामान भरताना बाबांनी डबा उघडला, तर एकच."

"डब्यात आणखी काही होतं?"

"माझे कानातले, आईंची मोहनमाळ. ते सगळं होतं."

"म्हणजे मोहनमाळ ठेवली, कानातले ठेवले, जोडीतली एक पाटली ठेवली, आणि एकच नेली."

"चोराच्या मनात काय असतं, ते मी कसं सांगणार?" वृंदा चिडली. "पण त्यानं बॅगेत हात घातलाच होता. पिनांगला आम्ही सगळे खाली उतरलो, आईंचं डोकं दुखत होतं म्हणून त्या खोलीतच राहिल्या. परत आलो तर आईंची जांभळी साडी बॅगेत वरती. मी सकाळी नीट चौघडी करून ठेवलेली आणि ही भलतीच. चुण्या चुण्या घातलेल्या, टोकं आत खुपसलेली, जाळं गुंडाळतात ना तशी. आणि ओलसर. मला शिसारीच आली. दुसरं कोण करणार? त्यानंच उचकलं सगळं."

"ओलसर?"

"हो. हाताला गार लागली."

नीलाच्या डोळ्यांपुढे होडीपाशी चाललेले ते हात आले. तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "चंद्रभागाबाई, तुम्ही दिवसभर खोलीत होतात. तो पोरगा कधी आला?"

"तिला काही आठवत नाही," ओक म्हणाले. "गोळी घेऊन झोपली होती."

"मी त्यांना विचारलं."

चंद्रभागाबाईंनी तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सरबत करते. लिंबाचं चालेल ना?"

५

मनुबाईच्या झोपडीत खाटेखाली कान्हाची निळी बॅग होती. नीलानं हिरव्या फडक्याबद्दल विचारलं तशी मनुबाई लाजल्यासारखी झाली.

"हाय की. मी लपवून ठेवलाय. मना वाटलं, कुना पोरीसाठी घेतलान. नोकरी गेली, आता लगीन कशाला काढू, म्हून बोलले नाय."

तिनं मडक्यातून ते काढून नीलाच्या मांडीवर ठेवलं. हिरवाकंच खण. जरीची किनार, कुठे कात्री लागलेली नाही, सुई लागलेली नाही. एका कोपऱ्याला गाठीचा चुरगळा, त्यात हळदीचा पिवळा डाग, आणि डागात अडकलेला तांदळाचा एक दाणा.

खण, तांदूळ, सुपारी, हळद. नीलाच्या घरात यातलं काही होत नव्हतं. पण ज्या घरांत होतं त्यांच्या दारावरून ती लहानपणी किती वेळा पुढे गेली होती. संक्रांतीला चाळीभर हळदीकुंकू फिरायचं आणि तिच्या आईच्या दाराला वळसा घालून जायचं. वगळलेल्यांना तो विधी पाठ असतो.

"मावशी, ही ओटी आहे. कोणीतरी बाईनं भरलेली."

"पुरषाची कुनी ओटी भरतं का?"

"त्याची नाही. त्यानं न्यायची, पोचवायची. आईला."

मनुबाई हसली, आणि ते हसणं ऐकवेना. "माजी? म्हातारा जाऊन बारा वर्सं झाली. रांडमुंड बाईची ओटी कोन भरतंय गो? माज्या जावेनं मना पोरीच्या डोहाळजेवनात कोपऱ्यात बसवलेली. वानसुद्दा नाय दिलान."

नीलाचा तर्क इथे येऊन आपटला होता. ओटी सवाष्णीची. विधवेची कोणी भरत नाही, आणि ओकांच्या घरात तर नाहीच. भरली असती तर घर बाटल्यासारखा गहजब झाला असता.

गहजब झाला असता. ती खण हातात घेऊन उठली. म्हणून तर कोणी बोलत नव्हतं.

"चल, मावशी. कान्हाला बोलाव."

"कया जायाचं?"

"जिथे तुला उंबऱ्याबाहेर उभं करतील तिथे. आज आत जायचं."

६

ओकांनी तिघांना दारातच अडवलं. नीला म्हणाली, सुनावणीच्या आधी इथे बोलू की सोसायटीच्या जिन्यात उभं राहून बोलू? वरच्या मजल्यावर एक दार किलकिलं झालं. ओक बाजूला सरले.

मनुबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कान्हा तिच्यापुढे, मान खाली. नीलानं खण टीपॉयवर पसरला. वृंदा पुढे झाली आणि जागीच थबकली.

"हा आईंचा आहे. मीच दिलेला, दिवाळीत."

"म्हणजे तोही चोरला," ओक म्हणाले.

"आणि सुपारी? आणि तांदूळ? तेही चोरले, ओकसाहेब? चोरून त्यांना हळद लावली? बोटीवरच्या साहेबाला ते कळलं नाही, त्याचा दोष नाही. तुम्हाला कळलं असतं. पण तुम्ही पुडकं बघायला खाली गेलातच कुठे? तुम्हाला पाटली हवी होती." नीलाचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. "डब्यात मोहनमाळ असताना चोर जोडीतली एक पाटली नेत नाही. एक ठेवून एक देतं ते देणारं माणूस. आणि तुमची सून म्हणते साडी उचकली. उचकलेली साडी ओली होते का? ती धुतलेली होती. नळाखाली धुवून, खुर्चीवर वाळत घालून, पुरती वाळायच्या आत घाईनं घडी करून ठेवलेली. जाळं आवरतात तशी घडी, कारण याच्या हातांना लुगड्याएवढ्या लांब कापडाची तेवढीच एक घडी येते."

वृंदा सासूकडे वळली. "आई, साडी धुवायला काय झालं होतं?"

चंद्रभागाबाईंनी पदर मनगटांवर आणखी ओढून घेतला.

"टिप मिळाली नाही म्हणून चोरी केली म्हणता," नीला म्हणाली. "टिप देऊ नका, हे यानंच सांगितलं. त्यामुळे तुमचे पैसे वाचले. त्याची पावती मागत होतात ना? ही घ्या पावती. हा पोरगा. उद्या याच्या पुस्तकावर चोर म्हणून शिक्का बसेल. याच्या आईकडून आजच कोणी मासा घेत नाही."

"हा निव्वळ कल्पनाविलास आहे," ओक म्हणाले. "समजा दिलीच, तरी ती लाचच. बोटीचा नियम आहे, हातात काही घ्यायचं नाही."

"नोकरानं बक्षिसी घ्यायची नाही, असा नियम आहे. एका बाईनं दुसऱ्या बाईला माहेरचं सोनं धाडलं, तर त्याला बोट कोण आणि तुम्ही कोण? पण ते माझ्या तोंडून चालणार नाही. ज्यांनी दिलं त्यांनी सांगायला हवं."

"मॅडम, ऱ्हाऊ दे," कान्हा हळूच म्हणाला. "आजींना नका छळू. मी वचन दिलंय."

"बघा," ओक म्हणाले, "त्याच्याकडे सांगायला काही नाही. चंद्रभागे, तू आत जा."

चंद्रभागाबाई आत गेल्या नाहीत. त्या पुढे आल्या, कान्हाला ओलांडून मनुबाईसमोर उभ्या राहिल्या. दोघींमध्ये हातभर जागा उरली. गल्लीतून जाणारी ही बाई त्यांनी गॅलरीतून वीस वर्षं पाहिली होती. मासे न खाणाऱ्या घराला तिच्याशी बोलायचं कारण कधी पडलं नव्हतं.

"वृंदा, दार लावू नकोस," त्या म्हणाल्या. "वरच्यांना ऐकायचं असेल तर ऐकू दे."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"पिनांगला माझं डोकं दुखत नव्हतं. मला पहाटेपासून जुलाब होत होते. तुम्हाला ठाऊक होतं. मी म्हटलं, आज थांबा. तुम्ही म्हणालात, बेल दाब, पोरगा येईल, त्याचे पैसे भरलेत आपण. आणि टोपी घालून गेलात."

"अगं, चारचौघांत हे..."

"चारचौघांतच. मला उठताच येईना. मी बिछान्यात हगले. साडीभर, पायभर. बेल दाबली तेव्हा वाटलं, आता हा पोरगा नाकाला रुमाल लावेल. त्यानं दार आतून लावलं आणि म्हणाला, आजी, डोळे मिटा. मला उचलून न्हाणीत बसवलं, धुतलं, कोरडं केलं. चादर बदलली, साडी धुतली. तुम्ही यायच्या आत सगळं आवरलं, कारण मी म्हटलं, यांना कळू देऊ नकोस. मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं रे. म्हणाला, बाबा शेवटी अंथरुणात होते, आई असंच करायची. डोंबिवलीत मासे विकते, तीच."

मनुबाईनं तोंडावर पदर धरला.

"म्हणून ओटी तुझी भरली," चंद्रभागाबाई तिला म्हणाल्या. "तुला नवरा नाही, हे मला दिसत होतं. तरी भरली. खण माझा, तांदूळ-सुपारी माझ्या पूजेच्या डबीतली, पाटली माझ्या आईची. त्याला मी शपथ घातली, हे कोणाला सांगू नकोस. झडती झाली, तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. मी एक शब्द बोलले असते तर सुटला असता. मला त्या गोऱ्यांची भीती नव्हती वाटली. यांच्यासमोर हे उच्चारायची लाज वाटली. माझ्या लाजेपायी तुझा पोरगा चोर झाला."

ओक खुर्चीवर बसले. कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

चंद्रभागाबाईंनी पदराआडून हात काढला आणि कागदासाठी नीलापुढे केला.

"द्या, वकीलबाई, मी माझ्या हातानं लिहिते. मला जुलाब झाले इथपासून लिहिते. पाटली मी दिली."